ट्रक निघण्याआधी
(गणेशोत्सवात मंदिराच्या सभागृहात केलेले भाषण)

 

माझे आईवडील ऊसतोड कामगार, गाव बीड जिल्ह्यात. मुकादमाची उचल घेतलेली कुटुंबं दसरा झाला की ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या भागात जात, पाडव्याच्या सुमारास परतत. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर जात आणि शाळेचं अर्धं वर्ष बुडे.

तिसरीपर्यंत मीही गेलो. आई ऊस तोडायची, मी फडात धाकट्या भावाला सांभाळायचो. चौथीत मात्र ट्रक निघताना आजीच्या घरात कणगीमागं लपलो. वडिलांनी हुडकून काढलं. म्हणालो, "आण्णा, मला शाळेत जायचंय." ते बोलले नाहीत. ज्वारीचं अर्धं पोतं आजीजवळ ठेवून गेले.

पुढं शिष्यवृत्ती मिळाली, इंजिनिअर झालो, लंडनला आलो. लोक माझ्या जिद्दीचं कौतुक करतात. पण भावाला सांभाळायचं काम त्या दिवशी माझ्या बहिणीकडं गेलं. माझ्याहून एका वर्षानं लहान, पाढ्यांत माझ्याहून हुशार. तीही रडली होती. आजीला दोघांचं पोट भरणं शक्य नव्हतं. बहीण पुन्हा शाळेत गेलीच नाही.

जिद्द दोघांत होती. ज्वारी एकाचीच होती.

आईबाप फडावर असताना मुलांना गावातच ठेवणारी हंगामी वसतिगृहं असतात. तिथं जेवण मिळतं, शाळा चुकत नाही. आपल्या शिक्षण निधीतून यंदा अशाच मुलांचा, आधी मुलींचा, खर्च उचलूया. दसऱ्याला थोडेच दिवस उरलेत. ट्रक निघण्याआधी मदत पोहोचली पाहिजे.