चूल कोणाची? वळिवड्याची छावणी आणि आजचे निर्वासित

आजचा भाग जरा दीडपट वेगाने पळवू नका, कारण आपल्याला कोल्हापूर, बांगलादेश आणि सुदान असा लांबचा फेरा मारायचा आहे. प्रश्न मात्र एकच आहे. युद्धामुळे घर सोडून पळावं लागलेल्या कुटुंबाला मदत करायची, म्हणजे नेमकं द्यायचं काय?

सुरुवात कोल्हापूरपासून करू. लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलेले बरेच जण आत्ता ऐकत असतील. कपड्यांची मोठी होलसेल बाजारपेठ, दुकानदार बहुतेक सिंधी. फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेल्या कुटुंबांनी ही वस्ती उभी केली, हे अनेकांना माहीत असतं. पण ती कुटुंबं आली तेव्हा तिथे मोकळा माळ नव्हता, राहण्यासाठी बराकी होत्या. आणि त्या बांधल्या होत्या पोलंडच्या लोकांसाठी!

पोलंडचे लोक कोल्हापुरात कसे? थोडक्यात सांगते. सप्टेंबर 1939 मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशियाने चाल केली. 1940-41 मध्ये पूर्व पोलंडमधल्या लाखो लोकांना मालगाड्यांत कोंबून सायबेरिया आणि कझाकस्तानला नेलं. 1941 मध्ये हिटलर रशियावरच उलटला. मग पोलंड आणि रशियाचा करार झाला आणि या लोकांची सुटका झाली. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुलं, म्हातारी माणसं 1942 मध्ये इराणला पोचली आणि तिथून जगभर विखुरली. त्यातले साधारण 5,000 जण 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहायला लागले.

जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, तो मेसेज तुम्हाला कधी ना कधी आला असेल. ती छावणी मुलांची होती, त्यामुळे तिथे जेवण एकत्र शिजायचं. वळिवड्याची छावणी कुटुंबांची होती, आणि माझ्या मते आजच्या काळासाठी शिकण्यासारखी गोष्ट तिथे आहे.

वळिवड्यात प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा होती, आणि स्वतःचं स्वयंपाकघर. ताट घेऊन रांगेत उभं राहायचं नाही. कुटुंबाला भत्ता मिळायचा, त्यातून भाजी, अंडी, दूध विकत घ्यायचं आणि आपल्या घरी शिजवायचं. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होतं, सिनेमा होता, मुलांची स्काउट पथकं होती. भाजीवाले, दूधवाले आसपासच्या गावांतले. म्हणजे निर्वासितांच्या पैशावर चार स्थानिक घरंही चालत होती.

आता थोडं थांबून विचार करा. ज्या बाईला रात्रीतून घराबाहेर काढलं, कुठे न्यायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं, काय खायचं ते दुसऱ्यांनी ठरवलं, तिला तीन-चार वर्षांनी पहिल्यांदा कोणीतरी विचारतंय : आज काय करणार जेवायला? आपल्याला हा रोजचा कंटाळवाणा प्रश्न वाटतो. तिच्यासाठी घर परत मिळाल्याची ती पहिली खूण असणार.

छावणी 1948 पर्यंत चालली. मग ही माणसं इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशी पुन्हा पांगली. पण इथे वाढलेली मुलं म्हातारपणीही कोल्हापूरला येत राहिली. वॉर्सामध्ये वळिवडे-कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे. ऑगस्ट 2024 मध्ये पंतप्रधान मोदी पोलंडला गेले तेव्हा तिथेही गेले होते.

आता तुम्ही म्हणाल, छान आहे गोष्ट, पण ती जुनी. आज काय चाललंय? संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या आकड्यांनुसार 2024 च्या शेवटी जगात 12 कोटी 32 लाख माणसं युद्ध, हिंसा आणि छळामुळे विस्थापित होती. म्हणजे साधारण महाराष्ट्राएवढी लोकसंख्या!

यातल्या एका ठिकाणी जाऊ, आपल्या शेजारी. बांगलादेशात कॉक्स बाजार. ऑगस्ट 2017 पासून म्यानमारमधून 7 लाखांहून जास्त रोहिंग्या तिथे आले. सुरुवातीला तांदूळ, डाळ, तेल असं रेशन वाटलं गेलं. नंतर जागतिक अन्न कार्यक्रमाने कुटुंबांना कार्ड दिली. कार्डावर दर महिन्याला माणशी रक्कम जमा होते आणि छावणीतल्या दुकानातून हवं ते घेता येतं. कल्पना वळिवड्याच्या जवळचीच. काय शिजवायचं ते घरातली बाई ठरवणार.

पण पुढे काय झालं? माणशी महिन्याला 12 डॉलर मिळत होते. मार्च 2023 मध्ये त्याचे 10 झाले, जूनमध्ये 8. कारण देणगीदार देशांकडून पैसा कमी आला. 8 डॉलर म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण 650 रुपये, दिवसाला 22 च्या आसपास. एक वडापाव घ्या, वर कटिंगलाही उरायचे नाहीत. त्यात दिवसभराचं पोट भरायचं. आणि छावणीबाहेर जाऊन रीतसर काम करायची परवानगी नाही. 2024 मध्ये रक्कम पुन्हा वाढली. पण मधले महिने ज्या मुलांनी कमी खाऊन काढले, त्यांची ती वाढीची वर्षं परत येत नाहीत.

म्हणून मी म्हणते, नुसतं ‘हवं ते घ्या’ म्हणून भागत नाही. निवड करायला खिशात पुरेसं असावं लागतं आणि पुढच्या महिन्यातही ते येईल याची खात्री लागते. वळिवड्याचा खर्च लंडनमधलं पोलंडचं निर्वासित सरकार उचलत होतं. रोहिंग्यांच्या मागे असं कोणतंच सरकार उभं नाही.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो : ‘लोकांच्या हातात पैसे दिले की उडवतात.’ जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी वेगवेगळ्या देशांतल्या गरीब कुटुंबांना दिलेल्या रोख मदतीचे अभ्यास एकत्र तपासले. दारू-तंबाखूवरचा खर्च त्यामुळे वाढतो, असं त्यांना दिसलं नाही. आणि निर्वासित मदतीतलं तेल बाजारात विकताना दिसला, तर तो लबाड आहे असं लगेच समजू नका. बऱ्याचदा त्याला तेलापेक्षा औषध हवं असतं, एवढाच त्याचा अर्थ असतो. 2019 च्या महापुरानंतर मी कोल्हापुरात आलेले कपडे निवडायला बसले होते. ढीगच्या ढीग जुने कपडे, आणि बायका विचारत होत्या सॅनिटरी पॅड, टॉर्च आणि मुलांच्या वह्यांबद्दल. तो पूर होता, युद्ध नव्हतं. पण ‘त्यांना काय लागतं ते आम्हाला कळतं’ ही सवय दोन्हीकडे सारखीच.

मात्र पैसे सगळीकडे चालतात असंही नाही. वेढा पडलेल्या गावात दुकानातच माल नसेल, तर नोटा काय चघळायच्या? तिथे शिजलेलं अन्नच लागतं. आणि इथे सुदानचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे 15 एप्रिल 2023 ला सैन्य आणि आरएसएफ नावाच्या निमलष्करी दलात युद्ध पेटलं आणि 1 कोटीहून जास्त माणसं घराबाहेर पडली. मोठ्या संस्थांना अनेक भागांत पोचताच येईना. तेव्हा गल्लीतल्या पोरापोरींनी मदत कक्ष उभे केले आणि सामुदायिक स्वयंपाकघरं सुरू केली. पैसे कसे यायचे? बऱ्याच ठिकाणी बंकक नावाच्या बँक अ‍ॅपवरून, आपल्या यूपीआयसारखे. परदेशातले सुदानी लोक तिकडून पाठवणार, इकडे मसूर विकत घेतले जाणार. नेटवर्क गेलं की मदतही अडकायची.

इथे चूल सामाईक आहे, तरी ती त्यांचीच आहे. कोणत्या घरी आजारी माणूस आहे, कोण लाजेपोटी रांगेत येत नाही, हे गल्लीलाच माहीत. पण 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने परदेशी मदत रोखली आणि त्यातली शेकडो स्वयंपाकघरं बंद पडली. काम करणारे हात तिथेच होते, भांडी तिथेच होती. आटला तो पैसा.

मग आपण मोबाइल हातात धरून काय करायचं? पुढच्या वेळी मदतीची लिंक आली की तीन प्रश्न विचारा. एक, काय द्यायचं हे कोण ठरवतंय, ते कुटुंब की देणारा? दोन, ही मदत किती महिने चालणार? जमलं तर एकदाच हजार देण्यापेक्षा दरमहा शंभर द्या, कारण पोट दर महिन्याला असतं. आणि तीन, पैसे नक्की कोणाला जातायत? स्कॅन केल्यावर दिसणारं नाव संस्थेचंच आहे का? नोंदणी, हिशेब जाहीर आहेत का? रडणाऱ्या मुलाचा फोटो म्हणजे पुरावा नाही. आणि खरं सांगायचं तर, स्वतःच्या लेकराचा तसा फोटो आपण कोणाला काढू देऊ का?

तुमच्या गावात, तुमच्या कुटुंबात कोणी असं विस्थापित होऊन आलेलं असेल, तर त्यांना पहिली मदत कोणती मिळाली हे विचारून मला व्हॉइस नोटवर पाठवा. निवडक उत्तरं पुढच्या भागात ऐकवेन. तोपर्यंत काळजी घ्या. भेटूच!