नदीकाठचा ढीग आणि वटावाचे गणित

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. म्हणून आजच्या विषयाकडेही हिशेबाच्या अंगानेच पाहणार आहे.

अमेरिकेच्या युटा राज्यात मोआब येथे, कोलोराडो नदीच्या पूरक्षेत्रात, १९५६ साली युरेनियमचे खनिज शुद्ध करण्याचा कारखाना निघाला. १९८४ मध्ये तो बंद पडला, तेव्हा काठावर सुमारे १ कोटी ६० लाख टन गाळ उरला होता. युरेनियम काढून घेतल्यावरही खनिजातील सुमारे ८५ टक्के किरणोत्सर्ग या गाळातच राहतो. त्यातील रेडियमचे अर्धायुष्य १६०० वर्षे, थोरियम-२३० चे सुमारे ७५ हजार. कंपनीने मात्र १९९८ मध्येच दिवाळे काढले. ढीग उपसून पन्नासेक किलोमीटर दूर नेण्याचे काम २००९ मध्ये सरकारी तिजोरीतून सुरू झाले. नफा भागधारकांचा, ढीग करदात्यांचा!

हा धोका आधी दिसला नव्हता काय? दिसला असेल, पण हिशेबात तो मावत नाही. भावी नुकसान आजच्या किमतीत मांडताना आमचे शास्त्र दरसाल वटाव कापते. दर दहा टक्के धरा: शंभर वर्षांनंतरचे एक कोटीचे नुकसान आज कागदावर सुमारे सव्वासातशे रुपये उरते. हे सूत्र मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिले. कोणी शंका काढली नाही, मलाही सुचली नाही. उलट, 'शंभर वर्षांतून एकदा' येणारा म्हणतात तो पूर शंभर वर्षांत निदान एकदा येण्याची शक्यता ६३ टक्के असते. रेडियमच्या एका अर्धायुष्यात तो किती वेळा येईल?

आता घरचे पाहू. झारखंडात जादूगोडा परिसरात गाळाची तळी आदिवासी वस्त्यांच्या शेजारी, सुवर्णरेखेच्या खोऱ्यात आहेत. २००८ च्या पावसाळ्यात तुरामडीहच्या तळ्यातील पाणी वाहून वस्तीकडे आले. येथे मालक खाजगी भांडवलदार नव्हे, सरकार आहे. सार्वजनिक मालकीचा आग्रह आपणच धरला होता; तेव्हा याचा जाब विचारण्याचे ओझेही आपल्यावर अधिक आहे. तळ्यांचे बांध किती पाऊस गृहीत धरून बांधले, हे आकडे तेथील ग्रामसभांपुढे संथाळी व हो भाषांत ठेवावेत, आणि गाळ राखण्याचा खर्च अणुविजेच्या दरात मांडावा, या दोन मागण्या आपल्या लोकप्रतिनिधींमार्फत येत्या अधिवेशनातच मांडल्या जाव्यात.