नालीचा कागद कुठे आहे?



अध्यक्षाने आभार मानायचे, शुभेच्छा द्यायच्या आणि खाली बसायचं, ही आपल्या मेळाव्यांची रीत. आज मी ती मोडणार आहे.

आत्ता परिसर मंडळांच्या कामाचा अहवाल वाचला गेला. गणेशोत्सव झाला, शिवजयंती झाली, १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या दर्शनाला गाड्या गेल्या, दहावी-बारावीच्या लेकरांचा सत्कार झाला, रक्तदान झालं. यातलं एकही काम मी हलकं मानत नाही. पण अख्ख्या अहवालात नालीचा उल्लेख नाही. नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते नाही. कोणत्या गल्लीतला दिवा बंद आहे आणि त्यासाठी कोण कोणाला भेटलं, तेही नाही. मग हा अहवाल कोणाचा? ज्यांचे फोटो निघाले त्यांचा. ज्यांच्या दारात सांडपाणी तुंबतं त्यांचा नाही.

२० ऑगस्ट २०२१ आठवा. समृद्धी महामार्गाच्या कामावरचा टिप्पर दुसरबीडजवळच्या तढेगावपाशी उलटला. गाडीत लोखंडी सळया होत्या आणि त्याच गाडीत मजूर. १३ जण गेले. पोटासाठी परमुलखातून आलेली माणसं ती. दुसऱ्या दिवशी दुसरबीडचं नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं. मी विचारतो अपघाताच्या आदल्या दिवसाचं. सळया, विटा, कापसाचे गठ्ठे भरून वर माणसं बसवलेली गाडी आपल्यापैकी कोणी पाहिली नाही? सगळ्यांनी पाहिली. तहसीलला, पोलिसांना, ठेकेदाराला दोन ओळी लिहून पाठवाव्यात, असं किती मंडळांना वाटलं? जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला, त्याची हळहळ आपण पानटपरीवर करतो. त्या हळहळीचाही कागद नाही. आपण बोलतो फार, लिहून देत नाही, आणि लिहून दिलंच तर पोच घेत नाही.

कोणी म्हणेल, मंडळाने राजकारणात पडू नये. हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलो आणि आज त्याला साफ नकार देतो. नाली हे राजकारण असेल तर ते करावंच लागेल. निवडणुकीत मंडळाचा मंडप, मंडळाची पोरं, मंडळाचा स्पीकर चालतो; मग निवडून आलेल्याला हिशेब विचारताना तेवढं सोवळं कशाला?

कायदा आपल्या बाजूने आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात वर्षाला किमान चार ग्रामसभा सांगितल्या आहेत. प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यायची आहे. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. शंभर माणसं जमत नाहीत, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग दहा-बारा जणांत ठराव मंजूर होतात. काही गावांत तर शिपाई रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो. ओसरीवर भाजी निवडणारी बाई हात पदराला पुसते, कशावर ते न विचारता अंगठा उमटवते, आणि प्रोसिडिंगमध्ये ती ‘उपस्थित’ होते. त्या बाईने ग्रामसभेआधीच्या महिला सभेत नळाचा विषय मांडला असता, तर तो लिहून घेणं भाग होतं. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. म्हणजे पैसा तिच्याच दारातल्या नालीचा होता, आणि अंगठाही तिचाच घेतला.

शहरं पुढे आहेत असंही समजू नका. महापालिका-नगरपालिकांसाठी क्षेत्रसभेची तरतूद २००९ मध्ये कायद्यात आली. ती अजून बहुतेक ठिकाणी कागदावरच आहे. जिथे लोकांनी मनावर घेतलं तिथे मात्र घडलं. घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९०च्या दशकात ओला-सुका कचरा वेगळा करायला घेतला. त्यांच्या वाटेने मुंबईत गल्लोगल्ली अशी मंडळं उभी राहिली. भिवंडीचं उदाहरण त्याहून मोठं. १९७० आणि १९८४ ला हे गाव दंगलीत होरपळलं. १९८८ पासून पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी तिथे मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान शेजारी एका सतरंजीवर बसून नळ, भांडणं, अफवा यांवर बोलू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. नियमित बसणारी, सगळ्या आळ्यांची माणसं असलेली बैठक काय करू शकते, याचा यापेक्षा मोठा पुरावा मला माहीत नाही. आपल्या मंडळांत सगळ्या आळ्या आहेत का? बाया कार्यकारिणीत आहेत, की फक्त हळदीकुंकवाच्या यादीत? गावात भाड्याने राहणाऱ्या मजुराला आपण बैठकीला बोलावलं का?

म्हणून अध्यक्ष या नात्याने मी ठराव मांडतो. एक, दर महिन्याला प्रत्येक मंडळ चौकातल्या फळ्यावर लिहील: कोणती तक्रार, कोणाकडे, कोणत्या तारखेला दिली, पोच आहे का, उत्तर काय आलं. दोन, पुढच्या ग्रामसभेला प्रत्येक गल्लीतून माणसं जातील, आणि निम्म्या बाया असतील. तीन, माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे जी माहिती पंचायतीने न मागता जाहीर करायची आहे, ती मंडळं एकत्र जाऊन मागतील. चार, शुभेच्छाफलकांसाठी जमणाऱ्या वर्गणीतून आधी या फळ्याचा आणि खडूचा खर्च निघेल.

टाळ्या नकोत. ठरावाला अनुमोदन कोण देतंय, त्याने उभं राहून गल्लीचं नाव सांगावं. आणि ज्यांचा विरोध आहे त्यांनीही उभं राहावं. सचिव तोही लिहून घेतील.