सुरतेचे कोरीव काम : दगडातले आणि लाकडातले



सुरत हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे १६६४ चा जानेवारी महिना उभा राहतो. शिवछत्रपतींच्या त्या स्वारीत इंग्रजांची वखार राखणारा जॉर्ज ऑक्झिंडन चरित्रग्रंथांतून सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याची कबर याच शहरात आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. कतारगाम रस्त्यावरील जुन्या इंग्रज दफनभूमीत, १६५९ साली वारलेला त्याचा भाऊ ख्रिस्तोफर आणि १६६९ साली वारलेला स्वतः जॉर्ज, हे दोघे एकाच घुमटाकार वास्तूत विसावले आहेत. जन्मभर हिशेबाच्या वह्या चाळणाऱ्या व्यापाऱ्यांनी मृत्यूनंतर मोगल उमरावांच्या थाटात निजावे, यातली मौज काही निराळीच! या थाटावर मात करावी म्हणून डचांनी बॅरन आड्रियान व्हान ऱ्हीड याचे आणखी भव्य थडगे उभारले. मलबारातील वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध करविणारा हाच तो पुरुष. १६९१ च्या अखेरीस मुंबईनजीक समुद्रप्रवासात त्याचा अंत झाला आणि देह सुरतेस आणला गेला.

या थडग्याचे जुन्या गॅझेटियरमधील वर्णन मुळातून वाचण्यासारखे आहे. आत भित्तिचित्रे होती, कुलचिन्हे होती, बायबलातील वचने होती आणि खिडक्यांतून सुंदर लाकडी कोरीव काम होते. यातला ‘होती’ हा भूतकाळ गॅझेटियरकारांचाच आहे. एकोणिसाव्या शतकातच ते लाकूड इतिहासजमा झाले होते. घुमट आणि खांब राहिले, खिडक्या गेल्या.

सुरतेच्या शिल्पकलेचा विचार करताना हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. जे टिकले ते दगडविटांचे. पण या शहराची खरी प्रतिभा लाकडात रमली होती. हे केवळ येथेच घडले असे नाही. आयर्लंडमध्ये मोनास्टरबॉइस येथील मुइरेदाखचा पाषाणक्रूस हजार वर्षांहून अधिक काळ उभा आहे. पण ज्या लाकडी प्रार्थनामंदिरांतून आरंभीच्या साधूंनी उपासना केली, त्यांतले एकही शिल्लक नाही. त्यांचे रूप काय असावे, याचा अंदाज नंतरच्या दगडी देवळांत सुताराची जी नक्कल उतरली आहे तिच्यावरून बांधावा लागतो. आपल्या कार्ल्याचे चैत्यगृह या बाबतीत भाग्यवान म्हटले पाहिजे. तेथे कातळात कोरलेल्या छताला सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी फासळ्या अजून चिकटून आहेत. दगडाला त्यांची काडीमात्र गरज नव्हती; गरज होती ती कारागिराच्या सवयीला.

मग सुरतेचे लाकूड गेले कोठे? वाळवी आणि दमट हवा यांनाच दोष देऊन चालणार नाही. सागवान सहजासहजी मरत नाही. मुंबईच्या गोदीत सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमली’ हे १८१७ चे लढाऊ जहाज आज इंग्लंडमध्ये पाण्यावर तरंगते आहे, आणि त्या गोदीची परंपरा सुरतेहून गेलेल्या लवजी वाडियांची. सुरतेचे लाकूड आगीने नेले. १६६४ च्या त्या चार दिवसांत जे जळाले, त्यात कोरीव तुळया आणि चौकटीही असणारच. स्वारीचा अभिमान बाळगताना मराठी माणसाने एवढे कबूल करायला हरकत नसावी. पण त्याहून कितीतरी भयंकर आग एप्रिल १८३७ मधली. तीत नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली आणि त्याच वर्षी तापीला महापूर आला. त्यातून वाचलेले शहापोरमधील चिंतामणी पार्श्वनाथाचे देरासर अवश्य पाहावे. त्याचे कोरीव, रंगीत लाकडी खांब पाहिले म्हणजे काय गेले असेल याची कल्पना येते. पाटणच्या एका जैन मंदिराचे सोळाव्या शतकाच्या अखेरचे संपूर्ण सागवानी छत तर १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते परदेशी गेले म्हणून हळहळावे की गेले म्हणून वाचले याचे समाधान मानावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

वस्तू गेल्या तरी हात राहिले होते. सुरतेच्या सुतार समाजातच १८६३ साली त्रिभुवनदास गज्जर जन्मले. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनाचे ते प्रवर्तक. मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी डांबर फासले, तेव्हा ते डाग काढणारे रसायनशास्त्रज्ञही हेच गज्जर. एकाने काळे करावे आणि दुसऱ्याने धुवावे. दोघांचीही नावे इतिहासात राहिली.

ज्यांची नावे राहिली नाहीत, ते सादेलीचे कारागीर. ही कला इराणातील शिराझहून सिंधमार्गे आली, असा समज रूढ आहे. हस्तिदंत, शिसव, रंगीत लाकूड आणि कथील यांच्या बारीक त्रिकोणी, चौकोनी कांड्या सरसाने एकत्र जोडायच्या आणि त्या जुडीचे आडवे, पातळ काप काढायचे. प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते. ती चंदनाच्या किंवा सागाच्या पेटीवर बसवायची. मेहनत सगळी कापण्यापूर्वीची. एक कांडी तसूभर सरकली तर दोष प्रत्येक कापात उतरतो. १९७२ चा वन्यजीव कायदा, त्यातील पुढच्या दुरुस्त्या आणि १९८९ चा हस्तिदंत-व्यापारबंदीचा आंतरराष्ट्रीय निर्णय यांनंतर हस्तिदंत सुटले, ते योग्यच झाले. त्याची जागा हाडाने आणि प्लॅस्टिकने घेतली. २०२४ मध्ये ‘सुरत सादेली’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, तोवर हे काम जाणणारे हात अगदी मोजके उरले होते.

एकोणिसाव्या शतकात या पेट्या इंग्लंडात ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणून विकल्या जात. सुरतेचे नावही त्यांवर नव्हते, मग कारागिराचे कोठून असणार? पेटीगरा हे आडनाव तेवढे मागे राहिले आहे.