‘शुगर थोडी आहे’ म्हणजे किती?

दुपारची भांडी आटोपून, शेरडं झाडाखाली बांधून जे कुणी आत्ता ऐकत असाल, त्या सगळ्या ताया-मावश्यांना आमच्या गटाचा नमस्कार. आम्ही अकरा जणी आहोत. बोलणार एकच, पण काय बोलायचं ते अकरा जणींनी बसून ठरवलंय. विषय साखरेचा आजार. पथ्यपाणी तुम्ही पुष्कळ ऐकलंय, कारल्याचा रसही ऐकलाय. आज तपासणीबद्दल बोलायचंय, आणि ती धड होत नाही म्हणून आम्हांला आलेल्या रागाबद्दल. नाव कुणाचं घेणार नाही.

आमच्या गटात एक ताई आहे. वय ४४, अंगानं काडी. दोन वर्षांमागं गावात शिबीर होतं, तिथं तिचं बोट टोचलं. मशीनवर आकडा आला, तो टोचणाऱ्यानं पाहिला आणि म्हणाला, ‘थोडी आहे, गोड कमी करा.’ किती आहे ते सांगितलं नाही, कागदावर लिहून दिलं नाही. ताईनं चहातली साखर अर्धी केली आणि कामाला लागली.

मग तहान वाढली. रात्रीत चार-चार वेळा लघवीला उठायची. जांघेत खाज सुटायची, ती बरी व्हायची आणि परत यायची. ती दवाखान्यात गेली तर उत्तर मिळालं, ‘उन्हाळा आहे, पाणी पीत जा.’ खाजेला मलम दिलं. बायांनो, ही खाज आपण कुणाला सांगत नाही, सांगितलीच तर मलमावर भागवलं जातं. पुन्हा पुन्हा येणारी खाज हे साखर वाढल्याचं लक्षण असू शकतं, हे आम्हांला फार उशिरा कळलं.

तिसऱ्या वेळी ती उपकेंद्रात गेली, तर मशीनच्या पट्ट्या संपलेल्या. चौथ्या वेळी तिला उपाशीपोटी बोलावलं. सकाळच्या एसटीनं ती साडेआठला पोचली. रक्त घेणारा माणूस साडेदहाला आला. तोवर तिला घेरी आली म्हणून शेजारच्या बाईनं अर्धा बिस्कीटपुडा खायला घातला. मग ऐकावं लागलं, ‘खाल्लंय ना? उद्या या.’ उद्या म्हणजे आणखी एक रोज बुडणार, परत तिकीट. ती गेली नाही. तुम्ही गेला असतात?

पावसाळ्यात तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. तिला कळलंच नाही, कारण पायाला मुंग्या येऊन येऊन पाय बधिर झाला होता. जखम काळी पडली तेव्हा जिल्ह्याला नेलं. तिथं साखर ३८० निघाली. अंगठ्याशेजारचं बोट काढावं लागलं.

आता राग कशाचा ते सांगतो. दोन वर्षांत ही बाई चार वेळा स्वतःच्या पायानं तपासायला गेली होती. आणि सभेत भाषण ऐकायला मिळतं की खेड्यातल्या बायका तपासणीला पुढं येत नाहीत!

त्यानंतर आम्ही आशाताईंना आणि सीएचओ मॅडमना आमच्या बैठकीला बोलावलं आणि सगळं विचारून घेतलं. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची साखर आणि बीपी वर्षातून एकदा तपासायचं, असा सरकारी कार्यक्रमच आहे. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, कंबरेचा घेर मोजतात, तो याचसाठी. कधीही घेतलेली साखर, म्हणजे खाल्लेलं असो-नसो, १४० किंवा वर आली तर त्या बाईला पुढं डॉक्टरांकडं पाठवायचं. म्हणजे शिबिरातला तो आकडा तिथंच संपायला नको होता. बोट टोचणं ही फक्त चाळणी आहे. आजार आहे की नाही हे ठरतं दंडातून घेतलेल्या रक्तावर. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त, नाहीतर तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी ६.५ किंवा जास्त. लक्षणं नसतील तर एकदा आलेल्या आकड्यावर शिक्का मारत नाहीत, पुन्हा खात्री करतात. पण तहान, लघवी, वजन उतरणं ही लक्षणं आहेत आणि कधीही घेतलेली साखर २००च्या वर आहे, तर मग ‘उद्या उपाशी या’ म्हणण्यात फार अर्थ उरत नाही.

उपाशी १०० ते १२५ च्या मध्ये आली तर ती उंबरठ्यावरची साखर. ‘थोडी आहे’ म्हणतात ती बहुधा हीच, पण आकडा सांगितल्याशिवाय आपल्याला काय कळणार? ११० पण थोडीच आणि २१० पण थोडीच! आयसीएमआरच्या पाहणीचे आकडे २०२३ साली आले. देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटींहून जास्त या उंबरठ्यावर उभे आहेत. त्यातल्या कित्येकांना ‘थोडी आहे’ एवढंच सांगून घरी पाठवलं असेल, देव जाणे.

एचबीए१सीला उपाशी राहावं लागत नाही, ही आपल्यासारख्यांची मोठी सोय. पण अंगात रक्त कमी असेल तर तिचा आकडा फसवू शकतो, आणि रक्त कमी नाही अशी बाई आपल्यात शोधावी लागेल. म्हणून हिमोग्लोबिन किती आहे ते डॉक्टरांना सांगायचं, नसेल केलं तर दोन्ही एकदम करून घ्यायचं.

‘एवढी बारीक बाई, तिला कसली शुगर!’ हे वाक्य आमच्या ताईला दोन ठिकाणी ऐकायला मिळालं. याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे विलायतेतले मित्र डॉ. युडकिन यांनी आपलं दोघांचंच मोजमाप केलं. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण अंगातली चरबी इंग्रजाची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के. २००४ साली हे ‘लॅन्सेट’ या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात फोटोसकट छापून आलं. आपली माणसं दिसायला बारीक असतात, पण चरबी आत, पोटाभोवती साठलेली असते. डॉ. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयाबाया आणि त्यांची मुलं १९९३ पासून तपासली. जन्मतः कमी वजनाच्या बाळांतही असंच दिसलं. तेव्हा काडीसारख्या अंगावर जाऊन तपासणी नाकारणाऱ्याला एवढंच विचारावं, ‘पोटाचा घेर मोजलात का?’ बाईचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

अजून एक, सलाईन. अशक्तपणा वाटला की आपण खासगीत जातो आणि सलाईन लावून घेतो. काही बाटल्यांवर डेक्स्ट्रोज लिहिलेलं असतं, ती साखरच. साखर वाढून थकलेल्या बाईला साखरेची बाटली! लावण्याआधी बोट टोचून बघा म्हणायला लाजू नका. आणि घरात गरवार सून-लेक असेल तर तिची ग्लुकोजचं पाणी पाजून तपासणी झाली का ते कार्डावर बघा. पोटुशीपणात साखर वाढलेल्या बाईला पुढं आजार जडायची भीती जास्त. बाळंतपणानंतर परत तपासायचं असतं, ते बहुतेक जणींचं राहून जातं.

सीएचओ मॅडमवर आमचा राग नाही. पाच हजार लोकांना एक उपकेंद्र, आणि त्यांचा अर्धा दिवस मोबाईलमध्ये माहिती भरण्यात जातो. पट्ट्या मागून येत नाहीत, त्या काय करतील? आमच्यात वाद झाला तो यावरच. काही जणी म्हणाल्या, गटाच्या पैशातून मशीन घेऊ. बाकीच्या म्हणाल्या, राज्य सरकारच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत केलेत, मग मशीन आम्ही का घ्यायचं, आज मशीन घेतलं तर उद्या गोळ्याही आम्हीच आणायच्या का? हे म्हणणं सगळ्यांना पटलं असं नाही, पण मशीन घेतलं नाही. अर्ज केला. ग्राम आरोग्य समितीत दोन जागी आमच्या बायका आहेत, त्यांनी विषय लावून धरला, ग्रामसभेत वाचून दाखवला आणि ठराव लिहून घेतला. तिसऱ्या खेपेला दोन गोष्टी पदरात पडल्या. पट्ट्या आल्या. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी साडेसातला रक्त घ्यायला माणूस उपकेंद्रात येतो, म्हणजे रक्त देऊन, भाकरी खाऊन नऊला रानात जाता येतं.

रिपोर्ट मात्र अजून कधी आठ दिवसांनी येतो, कधी येतच नाही. म्हणून गटाच्या बचतीच्या पासबुकामागं आम्ही प्रत्येकीचं एक पान केलंय. तारीख, उपाशी की खाऊन, आकडा, पुढं कधी बोलावलं. आकडा सांगितल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही, असं ठरलंय. पहिल्यांदा ते जड गेलं. एका सिस्टरनं विचारलं, ‘तुम्हांला काय कळणारे त्यातलं?’ आमच्यातली सगळ्यात थोरली म्हणाली, ‘कळत नाही म्हणूनच लिहून द्या, नात वाचंल.’

अकरा जणींत तिघींची साखर निघाली, दोघी उंबरठ्यावर आहेत. ताईला आता गोळ्या चालू आहेत, पण पंधरा दिवसांच्याच मिळतात. महिन्याच्या एकदम द्या म्हणून दुसरा अर्ज दिलाय. डोळ्यांचा पडदा वर्षातून एकदा तपासायला हवा, त्याची सोय तालुक्यालाही नाही, जिल्ह्याला जावं लागतं. पाच जणींची एक जीप करून जायचं चाललंय. तुमच्या गावाहून कुणी निघत असेल तर रेडिओ केंद्रावर निरोप ठेवा, जीपमध्ये अजून तिघींची जागा आहे.