आळशी वायूची अडचण



बारावीच्या एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, निष्क्रिय वायू कशाशीच संयोग पावत नाही, मग रासायनिक क्रिया त्याच्यामुळे मंद कशी होते? गाइडमध्ये तर 'परिणाम नाही' असे आहे." मी कला शाखेचा पदवीधर. उत्तरासाठी ग्रंथालयात दोन संध्याकाळ बसावे लागले.

आपण कपाशीला युरिया देतो, तो अमोनियापासून होतो. अलिबागजवळ थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा असा मोठा कारखाना १९८५ पासून आहे. नायट्रोजनचा एक भाग आणि हायड्रोजनचे तीन भाग प्रचंड दाबाखाली तापलेल्या लोखंडी उत्प्रेरकावरून नेले की अमोनिया बनतो. एका फेरीत थोडाच वायू जुळतो. अमोनिया थंड करून काढून घेतात व उरलेला वायू पुन्हा फिरवतात.

नायट्रोजन हवेतून येतो, आणि हवेत ०.९३ टक्के आर्गॉन असतो. १८९४ साली रॅले व रॅम्से यांनी तो शोधला. ग्रीक भाषेत नावाचा अर्थच 'आळशी'. लोखंड निकामी करतात ते गंधक व कार्बन मोनॉक्साइड, आर्गॉन नव्हे. पण इतर वायू अमोनिया होऊन बाहेर पडतात, हा मात्र आतच फिरत साचत जातो. नैसर्गिक वायूतून उरलेला मिथेनही इथे तसाच वागतो.

समजा एकूण दाब २०० वातावरण आहे. आळशी वायू १० टक्के झाले, तर कामाच्या वायूंना १८० च उरतात: नायट्रोजन ५० ऐवजी ४५, हायड्रोजन १५० ऐवजी १३५. लोखंडाच्या पृष्ठभागावर त्यांचे रेणू कमी आदळतात. वेगही घटतो, उत्पन्नही घटते.

मग गाइड खोटे का? अर्धे खरे. टाकीचे आकारमान कायम ठेवून वरून आर्गॉन भरला, तर एकूण दाब वाढतो, पण नायट्रोजन व हायड्रोजनचे आंशिक दाब तेच राहतात. समतोल हलत नाही. कारखान्यात एकूण दाब ठरलेला असतो, म्हणून आर्गॉन इतरांची जागा खातो. परीक्षेत प्रश्नातील 'स्थिर आकारमान' की 'स्थिर दाब' हे शब्द आधी पाहा.

उपाय म्हणून फिरत्या वायूचा थोडा भाग सतत बाहेर सोडतात. त्याबरोबर महागडा हायड्रोजनही जातो. तो गाळून परत घेण्यासाठी वेगळी यंत्रणा बसवावी लागते.