माळ, तलाव आणि शाळेचे शिबिर



शाळेची सहल म्हणजे मुलांच्या वर्षातील सर्वांत आवडीचा दिवस. महिनाभर आधीपासून मुले त्याची वाट पाहतात आणि आईबाप पोटाला चिमटा घेऊन वर्गणीचे पैसे देतात. तथापि सहल परत आल्यावर काय पाहिले असे विचारले, तर पुष्कळदा गाडीतील गाणी, वाटेतील खाऊ आणि ओझरती दिसलेली चार स्थळे, एवढेच मुलांना सांगता येते. यात मुलांचा दोष नाही. एका दिवसात पाच ठिकाणे उरकण्याचा बेत आखला की डोळ्यांना पाहण्याची सवडच उरत नाही. म्हणून एक तलाव, एक माळ, एक रात्र आणि एक पहाट एवढ्याच भांडवलावर सहल कशी साधता येईल, याचा विचार येथे करावयाचा आहे. पाटस व आसपासच्या शाळांना त्यासाठी दूर जाण्याची गरज नाही.

प्रारंभ पाण्यापासून करावा. पाटसच्या शेजारी वरवंड येथे व्हिक्टोरिया तलाव आहे. यवतच्या बाजूला माटोबा तलाव आहे. हे तलाव मुलांनी रस्त्याने जाता येता अनेक वेळा पाहिलेले असतात. परंतु त्यांतील पाणी कोठून येते, हा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नसतो. दौंड तालुका पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वर्षाला ४००० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर येथे जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे या तलावांतील पुष्कळसे पाणी येथील आभाळातून पडलेलेच नाही. ते सह्याद्रीच्या डोंगरांत पडले, १८७९ साली पुरे झालेल्या खडकवासल्याच्या धरणात साठले आणि मुठेच्या उजव्या कालव्यातून हवेली तालुका ओलांडून येथवर आले. ज्या मुलाच्या घरी ऊस आहे, त्याला ही हकीकत तलावाच्या बांधावर उभे करून सांगितली, तर भूगोलाच्या पुस्तकातील पर्जन्यछायेचे प्रकरण त्याला निराळे शिकवावे लागणार नाही.

बांधावर मुलांनी पाहण्यासारखे पुष्कळ असते. मातीचा बांध खाली रुंद आणि वर अरुंद का, पाण्याकडील अंगास दगड का बसविले आहेत, जादा पाणी जाण्यासाठी सांडवा कोठे ठेवला आहे, तलावाखालच्या विहिरींना पाणी का टिकते, ही प्रत्येक बाब वरच्या वर्गातील मुलाला स्वतः विचार करून सांगता येते. शिक्षकाने उत्तर देण्याची घाई करू नये.

पाण्याशी एक जोखीमही जोडलेली आहे आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून मुरुडच्या किनाऱ्यावर सहलीस गेलेले महाविद्यालयातील १४ विद्यार्थी समुद्रात बुडाले. ती मुले मोठी होती. प्राथमिक शाळेतील बालकांची गोष्ट तर त्याहून नाजूक. तलावाचे पाणी शांत दिसते. परंतु काठाचा गाळ पाय धरून ठेवतो, आणि माती उचललेल्या जागी खोल खड्डे असतात, ते वरून दिसत नाहीत. कालव्याची बाजू उतरती व शेवाळलेली असते. आत पडलेल्या मुलाला तिच्यावरून वर येता येत नाही. म्हणून सहलीत कोणीही पाण्यात उतरावयाचे नाही, पाय धुण्यासाठी सुद्धा नाही, हा नियम असावा. ज्याला पोहता येते त्यालाही तो लागू असावा. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, प्रत्येक ठिकाणी पोहोचताच व निघताना मुलांची मोजणी, आणि मोजणी पुरी झाल्याखेरीज पाऊल पुढे न टाकणे, ही शिस्त आनंदाच्या आड येत नाही. मुलांसह सुखरूप परतणे हे सहलीचे पहिले यश होय.

आता माळाकडे वळावे. पाटसहून पश्चिमेस वरवंड, पुढे चौफुला आणि तेथून दक्षिणेस सुप्याचा रस्ता लागतो. बारामती तालुक्यातील या सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. मोरगावच्या मयूरेश्वरावरून त्याला हे नाव मिळाले. १९९७ साली शासनाने ते घोषित केले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर असून महाराष्ट्रातील अगदी लहान अभयारण्यांत त्याची गणना होते. मूल तेथे प्रथम जाते तेव्हा बहुधा विचारते, "गुरुजी, वन कुठे आहे?" कारण पुस्तकातील चित्रात वन म्हणजे उंच झाडांची दाटी असते. येथे तर वाळलेले गवत, खडकाळ उतार, विखुरलेल्या बोरी, बाभळी आणि हिवर. हा प्रश्न मुलाने विचारला तर शिक्षकाने आनंद मानावा. कारण खरा पाठ येथूनच सुरू होतो.

ज्या भूमीवर पाऊस थोडा व माती उथळ, तेथे गवत हेच निसर्गाने नेमून दिलेले वन होय. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारख्या गवतांची मुळे माती धरून ठेवतात आणि पडलेला थोडा पाऊस जमिनीत मुरवितात. त्या गवताच्या आधाराने चिंकारा जगतो. हे हरीण शेळीएवढे. नराप्रमाणे मादीलाही शिंगे असतात, मात्र ती आखूड. पानांतील व गवतातील ओलाव्यावर तो कित्येक दिवस पाण्यावाचून राहू शकतो. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या गावातील मुलाने ही गोष्ट अवश्य ऐकावी. याच माळावर लांडगा, खोकड, तरस व ससा यांचा वावर असतो. चंडोल, तित्तिर, माळटिटवी हे पक्षी उघड्या जमिनीवरच घरटी करतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी गवतावरून अगदी खालून घिरट्या घालताना दिसतात.

अशा भूमीला गावोगाव 'पडीक' म्हणतात. या एका शब्दाने माळाचे पुष्कळ नुकसान केले आहे. पडीक म्हटले की ती नांगरावी, तेथे मुरूम खणावा, कचरा टाकावा अथवा निदान झाडे लावून टाकावीत, असे वाटू लागते. शाळांचे वृक्षारोपणही सद्हेतूने कधी कधी माळावरच होते. परंतु दाट सावलीत गवत टिकत नाही, आणि गवत गेले की त्यावर जगणारे प्राणी जातात. झाडे शाळेच्या आवारात, रस्त्याच्या कडेला व बांधावर जरूर लावावीत. माळाला माळच राहू द्यावे. हे भान मोठ्यांमध्ये फारसे आढळत नाही. आज चौथीत असलेली मुले उद्या ग्रामसभेत बसतील आणि गावच्या गायरानाचे काय करावयाचे ते ठरवितील. त्यांनी लहानपणी एका पहाटे माळावर चिंकारा पाहिला असेल, तर तो निर्णय निराळा होण्याचा संभव आहे. सहलीचा खटाटोप करावयाचा तो याचसाठी.

शिबिराची योजना साधी असावी. अभयारण्यात परवानगीवाचून प्रवेश वा मुक्काम करता येत नाही. म्हणून वनविभागाच्या अधिकाऱ्यांना शाळेच्या पत्राने आगाऊ कळवून लेखी संमती घ्यावी. मुक्काम अभयारण्यात न करता आपल्याच शाळेत किंवा जवळच्या गावातील शाळेत करावा. पालकांची संमती, मुलींसमवेत शिक्षिका, प्रथमोपचाराची पेटी, पांघरुणे व घरची भाकरी, एवढी तयारी पुरे. पौष महिन्यातील थंडी व निरभ्र आकाश यांना अनुकूल असते. वरच्या वर्गातील मुलांनी रात्री शाळेच्या पटांगणात सतरंज्या अंथराव्यात आणि घटकाभर दिवे मालवावेत.

त्या दिवसांत संध्याकाळनंतर पूर्वेकडे मृग नक्षत्र वर आलेले असते. चार कोपऱ्यांवरील चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले ओळीतील तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात रुतलेला बाण आणि खालच्या अंगास लखलखणारा व्याध म्हणजे तो बाण सोडणारा शिकारी. ही कथा सांगून शिक्षकाने मुलांना विचारावे, "जूनच्या आरंभी शेतकरी ज्या मृगाची वाट पाहतो, तो हाच का?" सूर्य जूनमध्ये या नक्षत्रात असतो, म्हणून तेव्हा ते दिसत नाही, सहा महिन्यांनी ते सूर्याच्या समोर येते, म्हणून सायंकाळी उगवते. ही गोष्ट आकाशाखाली बसून पाच मिनिटांत समजते.

रात्री आकाशातील मृग पाहिलेल्या मुलांनी पहाटे माळावरील मृग पाहावयास निघावे. उजाडण्याच्या सुमारास अभयारण्याच्या दाराशी पोहोचावे. लहान तुकड्या कराव्यात, भडक कपडे टाळावेत, ठरलेल्या वाटेवरूनच चालावे आणि बोलणे खुणेने व्हावे. चिंकारा दिसला तर तेथेच थांबावे. त्याच्यामागे धावणे, ओरडणे, दगड भिरकावणे यांमुळे तो घाबरून उधळतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातील प्राण्यांना त्रास देणे, आग लावणे व कचरा टाकणे हे अपराध आहेत. उन्हाळ्याकडे झुकलेल्या माळावर एक ठिणगी पुरते. म्हणून चुलीचा व शेकोटीचा बेत तेथे कदापि नसावा. आणि चिंकारा दिसलाच नाही, तर सहल फसली असे मानू नये. वाटेवरील खुरांचे ठसे, लेंड्या, चाटलेला दगड, कुरतडलेले बोर यांवरून येथे कोण येऊन गेले हे ओळखणे, हाही चांगला अभ्यास आहे.

या प्रसंगी एका विद्यार्थ्याची आठवण ठेवावी. कित्येक वर्गांत मेंढपाळाचे एखादे मूल असते. वाचनात ते मागे पडते, दिवाळीनंतर वाड्याबरोबर निघून जाते आणि हजेरीपटावर त्याच्यापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत जातात. माळावर मात्र कोणते गवत मेंढी आधी खाते, कोणते कुसळ लोकरीत रुतते, लांडगा कोणत्या वाऱ्याने येतो, हे त्याला इतरांहून आणि पुष्कळदा गुरुजींहूनही अधिक ठाऊक असते. शिक्षकाने त्या दिवशी त्याला पुढे करावे आणि स्वतः ऐकणाऱ्यांत बसावे. आपले ज्ञानही शाळेत मोलाचे ठरते असा अनुभव ज्या मुलाला एकदा येतो, त्याचे शाळेवरचे मन सहसा उडत नाही.

परतल्यावर निबंधाची सक्ती करू नये. प्रत्येक मुलाने पाहिलेली एक गोष्ट, एक चित्र आणि न सुटलेला एक प्रश्न वहीत नोंदवावा. ते प्रश्न पुढील महिनाभर परिसर अभ्यासाच्या तासाला पुरतात. शक्य झाल्यास भाद्रपदात त्याच माळाला पुन्हा भेट द्यावी. पौषातील पिवळे रान तेव्हा हिरवे झालेले असते, आणि पहिली वही हाती असल्याने कोठे काय बदलले हे मुलेच दाखवून देतात.

मोठ्या वर्गांना याच पाण्याचा पुढचा प्रवासही दाखविता येईल. मुठेचे पाणी मुळेला व पुढे भीमेला मिळते आणि १९८० साली पुऱ्या झालेल्या उजनी धरणाच्या जलाशयात साठते. भिगवणजवळ त्या जलाशयाच्या काठी हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. त्याच पाण्याखाली अनेक गावे गेली. जलाशय आटला की पळसदेवचे जुने देऊळ वर येते, हे मुलांना सांगावे. एकाच्या शेताला मिळालेल्या पाण्यासाठी दुसऱ्याने घर सोडले आहे, हे कळलेला मुलगा नळ उघडा टाकून जाताना एकदा तरी थबकेल.

या शिबिराला मोठा खर्च लागत नाही. आगाऊ विचार, थोडी जागरणे आणि मुलांबरोबर नव्याने पाहण्याची तयारी एवढेच लागते. घरी परतलेल्या मुलाने आजोबांना "तो माळ पडीक नाही" असे सांगितले, तर सहलीचे सार्थक झाले असे शिक्षकाने निःशंक समजावे.